घरातल्या डिव्हाइसचे आयपी कसे लावून ठेवावेत? (प्रिंटर, कॅमेरे, टीव्ही, दोन राउटर)

मीनल_वारजे
नमस्कार मंडळी. आमच्या घरी वायफायला जोडलेल्या वस्तू इतक्या वाढल्यात की कुठल्या डब्याचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) काय हे आता कुणालाच माहीत नाही, आणि गुरुवारी मेंटेनन्सला लाइट जाऊन आली की काहीतरी एक हमखास बंद पडलेलं असतं. कधी प्रिंटर ऑफलाइन दाखवतो, कधी सासऱ्यांच्या टॅबवर कॅमेरे दिसत नाहीत, कधी मुलीचा फोन वायफायला जोडलेला असतो पण नेट चालत नाही. मग सगळं बंद करून परत चालू केलं की चालतं, पण कशामुळे चाललं ते कळत नाही.

घरात आहे ते असं: हॉलमध्ये फायबरचा डबा, आतल्या खोलीत रेंज येत नाही म्हणून तिथे दुसरा राउटर, लॉफ्टवर कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा एनव्हीआर, एक वायफाय प्रिंटर, टीव्ही, एसी, गीझरचा स्मार्ट प्लग, तीन लॅपटॉप, आणि प्रत्येकाचे फोन. मी शाळेत शिकवते, रात्री प्रश्नपत्रिका छापायच्या असतात आणि नेमका तेव्हा प्रिंटर सापडत नाही.

नेटवाला म्हणतो काही हात लावू नका, सगळं ऑटोवर राहू द्या. सीसीटीव्हीवाला म्हणतो स्टॅटिकच पाहिजे, म्हणजे हाताने टाकलेला कायमचा आयपी. ज्यांच्या घरी हे नीट चालतं त्यांनी कसं लावलंय ते सविस्तर सांगा प्लीज, मी बसून करायला तयार आहे.

नेटवर्क_नाना
मीनलताई, आधी दोन गोष्टी बघून इथे टाका. एक म्हणजे एनव्हीआरच्या मेनूत नेटवर्क नावाचं पान असतं, त्यात आयपी काय लिहिलाय. दुसरं म्हणजे ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकून राउटरचं पान उघडा आणि डीएचसीपी सर्व्हरमध्ये (आपोआप पत्ते वाटणारा भाग) स्टार्ट आयपी आणि एंड आयपी काय आहेत ते. बरेचदा भांडण तिथेच असतं.

मीनल_वारजे
एनव्हीआर: १९२.१६८.१.१०, डीएचसीपीच्या जागी बंद असं दिसतंय, म्हणजे हाताने टाकलेला असावा. राउटर: स्टार्ट १९२.१६८.१.२, एंड १९२.१६८.१.२५४.

नेटवर्क_नाना
हेच. राउटरच्या हिशोबाने २ ते २५४ हे सगळे पत्ते त्याने वाटायचे आहेत, आणि त्यातलाच १० एनव्हीआर परस्पर घेऊन बसलाय. राउटरला हे कुणी सांगितलेलंच नाही. एरवी चालून जातं कारण बरेचसे राउटर पत्ता देण्याआधी तो आधीच कुणी वापरतंय का ते पिंग किंवा एआरपीने हाक मारून बघतात, एनव्हीआर चालू असेल तर १० कुणाला दिला जात नाही.

पण लाइट जाऊन आली की काय होतं बघा. राउटर मिनिट-दोन मिनिटांत उठतो. फोन तर बॅटरीवर जागेच असतात, वायफाय दिसलं रे दिसलं की ते पत्ता मागतात. एनव्हीआरला मात्र हार्ड डिस्क वगैरे बघून उठायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात १० मोकळा दिसतो, राउटर तो एखाद्या फोनला देऊन टाकतो, आणि मग एनव्हीआर उठून त्याच १० वर बसतो. आता एका पत्त्यावर दोघं, डेटाचं पाकीट कधी इकडे जाणार कधी तिकडे. म्हणून मुलीच्या फोनला नेट नाही आणि सासऱ्यांना कॅमेरे नाहीत, हे दोन्ही प्रॉब्लेम खरं तर एकच आहेत.

बऱ्याच घरगुती राउटरमध्ये कुणाला कुठला पत्ता दिला ती यादी रॅममध्येच असते, लाइट गेली की पुसली जाते. ओपनडब्ल्यूआरटी या राउटरच्या सॉफ्टवेअरवर तर ती फाइल टीएमपी फोल्डरमध्ये असते आणि ते फोल्डर रॅममध्येच असतं. त्यातला पत्ते वाटणारा डीएनएसमास्क प्रोग्रॅम पत्ता निवडताना मॅकवरून (डिव्हाइसच्या नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) हिशोब करतो म्हणून बरेचदा तोच पत्ता परत मिळतो, पण तशी हमी कुणी देत नाही, आणि जे राउटर ओळीने पत्ते वाटतात तिथे तर जो आधी आला त्याला आधीचा नंबर.

प्रिंटरचं थोडं वेगळं आहे. पुढच्या वेळी ऑफलाइन दाखवला की त्याच्या पॅनेलवरून नेटवर्कचं पान छापा, बहुतेक सगळे प्रिंटर ते छापून देतात. त्यावर आयपी १९२.१६८.१ चाच पण वेगळ्या आकड्याचा दिसला तर त्याला नवीन पत्ता मिळालाय आणि लॅपटॉप जुन्या पत्त्यावर शोधतोय. १६९.२५४ ने सुरू होणारा दिसला तर प्रिंटर राउटरच्या आधी उठला, पत्ता मागितला, कुणी उत्तरच दिलं नाही म्हणून त्याने स्वतःचा स्वतः एक तात्पुरता पत्ता घेतला. १६९.२५४ कुठेही दिसला की समजायचं डीएचसीपीपर्यंत पोचताच आलेलं नाही. दुसरं काही शोधत बसू नका.

सुहास_सहकारनगर
+१. लॅपटॉपवर बघायचं असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग, स्पेस, स्लॅश ऑल. त्यात आयपी, गेटवे (बाहेर जायचा दरवाजा, म्हणजे राउटर), डीएचसीपी सर्व्हर कोण आहे आणि लीज (पत्त्याची मुदत) कधी संपणार सगळं येतं. डीएचसीपी सर्व्हरची ओळ महत्त्वाची, ताईंकडे दोन राउटर आहेत म्हणून सांगतोय.

नेटवर्क_नाना
हो, दुसऱ्या राउटरवर येतोच. आधी मूळ उत्तर देतो.

माझं मत स्पष्ट आहे: घरात पत्ते वाटायचं काम एकाच ठिकाणाहून झालं पाहिजे, राउटरवरून. डिव्हाइसमध्ये जाऊन हाताने आयपी टाकत बसू नका. सगळी डिव्हाइस ऑटोवर ठेवा आणि ज्यांचा पत्ता कायम राहायला हवा त्यांचं राउटरमध्ये रिझर्व्हेशन करा. कुठे त्याला अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन म्हणतात, कुठे स्टॅटिक लीज, कुठे आयपी-मॅक बाइंडिंग, काम तेच. प्रिंटरचा मॅक अमुक, तो आला की त्याला २१ च द्यायचा, एवढंच राउटरला सांगायचं. म्हणजे नेटवाला आणि सीसीटीव्हीवाला दोघांचंही अर्ध अर्ध बरोबर आहे. डिव्हाइस ऑटोवर आणि पत्ता कायम.

ऑटोवर असण्याचा फायदा असा की पत्त्याबरोबर गेटवे, मास्क (घरचं नेटवर्क कुठवर ते) आणि डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारा सर्व्हर) हेसुद्धा राउटरच देतो. हाताने टाकलेल्या डिव्हाइसमध्ये हे सगळं तुम्ही टाकलेलं असतं, आणि उद्या नेट कंपनी बदलली, नवीन डबा १९२.१६८.१.१ ऐवजी १९२.१६८.०.१ वाला आला, की घरातल्या एकेका वस्तूपाशी जाऊन ते बदलावं लागतं. टीव्हीच्या रिमोटने आयपी टाकायचं काम ज्याने केलंय त्याला विचारा.

पूल, म्हणजे राउटर वाटतो ते पत्ते, तोही छोटा करा. २ ते २५४ ची गरज नाही. असं करा (पत्त्याचा शेवटचा आकडा):
१ राउटर
२ ते १९ दुसरा राउटर, स्विच, एक्स्टेंडर असली नेटवर्कचीच मंडळी
२० ते ४९ प्रिंटर, टीव्ही, एसी, प्लग
५० ते ७९ एनव्हीआर आणि कॅमेरे
१०० ते १९९ पूल, फोन-लॅपटॉप-पाहुणे सगळे इथे
बाकी मोकळं ठेवा.

काही राउटर रिझर्व्हेशनचा पत्ता पूलच्या आतलाच मागतात. तसं असेल तर पूल २० ते १९९ ठेवा, रिझर्व्ह केलेला पत्ता तो दुसऱ्याला देत नाही.

धायरी_सीसीटीव्ही
नाना, बाकी पटलं पण कॅमेऱ्यांच्या बाबतीत मी सहमत नाही. माझा हाच धंदा आहे, सिंहगड रोड आणि धायरी भागात रोज हेच काम करतो. कॅमेरे आणि एनव्हीआर मी स्टॅटिकच ठेवतो आणि त्याला कारण आहे. सोसायटीत किंवा बंगल्यात पीओई (केबलमधूनच वीज देणारा) स्विच आणि एनव्हीआर इनव्हर्टरवर असतात, राउटर बरेचदा नसतो, कारण तो हॉलमध्ये टीव्हीपाशी असतो आणि तिथला पॉइंट इनव्हर्टरवर घेतलेला नसतो. आता लाइट गेली, राउटर बंद, आणि त्याच वेळी इनव्हर्टरवर बदलताना कॅमेरा झटका खाऊन रीस्टार्ट झाला. तो डीएचसीपीवर असेल तर पत्ता मागणार कुणाला? तो १६९.२५४ वर जाऊन बसतो आणि रेकॉर्डिंग थांबतं. म्हणजे नेमकं लाइट गेलेली असताना रेकॉर्डिंग नाही, जेव्हा ते सगळ्यात जास्त हवं असतं. स्टॅटिक असेल तर राउटर असो नसो, कॅमेरा आणि एनव्हीआर आपसात बोलत राहतात.

नवीन कॅमेरे फॅक्टरीतून येतानाच ठरावीक पत्त्यावर येतात हेही लक्षात ठेवा. हिकव्हिजनचा १९२.१६८.१.६४, दाहुआचा १९२.१६८.१.१०८. एकाच वेळी चार नवीन कॅमेरे स्विचला लावले की चौघं एकाच पत्त्यावर उभे राहतात, एकेक लावून एकेकाचा बदलायचा. ताईंच्या घरी एनव्हीआरला स्टॅटिक दिला हे चूक नाही, पूलच्या बाहेर दिला नाही हे चूक आहे. काम झाल्यावर राउटरचं पान उघडून पूल बघायला दोन मिनिटं लागतात आणि ती दोन मिनिटं प्रत्येकाने दिलीच पाहिजेत.

नेटवर्क_नाना
धायरीकर, हे मान्य. राउटर नसतानाही जे चाललं पाहिजे ते स्टॅटिक ठेवावं, तुमचा मुद्दा बरोबर आहे. फक्त तो पत्ता पूलच्या बाहेर पाहिजे, आणि शक्य असेल तर राउटरमध्येही त्याच मॅकला तोच पत्ता रिझर्व्ह करून ठेवावा, म्हणजे कधी कॅमेरा रीसेट होऊन ऑटोवर गेला तरी त्याच जागी येईल. पण प्रिंटर, टीव्ही, प्लग यांना ते लागू होत नाही, राउटर बंद असताना त्यांचं काही अडत नाही.

जुना_बुधवारकर
राउटरलाच बॅकअप द्या की. १२ व्होल्टचा छोटा राउटर यूपीएस मिळतो, तपकीर गल्लीत कुठल्याही दुकानात विचारा, फायबरचा डबा आणि राउटर दोन्ही चालतील असा दोन पिनांचा घ्या. घेताना आपल्या अ‍ॅडॉप्टरवर किती व्होल्ट किती अँपिअर लिहिलंय त्याचा फोटो घेऊन जा, सगळे डबे १२ व्होल्टचे नसतात आणि पिनही वेगळी असते. गुरुवारची अर्धी कटकट तिथेच संपते कारण राउटर बंदच पडत नाही, लीजची यादी पुसलीच जात नाही.

जमिनीवरून लांबलचक केबल टाकायची असेल तर तयार पॅच कॉर्डच्या नादी लागू नका, कॅट सिक्सची वायर मोजून घ्या आणि दोन्ही टोकांना क्रिम्प करून घ्या.

पेठेतले_काका
वाचतोय, छान चर्चा. मी निवृत्त माणूस, एक मूलभूत शंका विचारतो. माझ्याकडे सदाशिव पेठेत १९२.१६८.१.१, मुलाकडे बाणेरला १९२.१६८.१.१, आणि या ताईंकडेही तेच. मग इंटरनेटला कसं कळतं कोण कोणाचं?

अदिती_औंध
काका, प्रत्येक सोसायटीत ए विंग १०१ असतोच ना, पोस्टमनला आधी सोसायटी सापडते, फ्लॅट नंबर आतल्या आत. इथेही तसंच. बाहेरच्या जगाला तुमच्या राउटरचा बाहेरचा पत्ता दिसतो, आतले पत्ते फक्त घरात चालतात. राउटर आत-बाहेर जाताना पत्ता बदलून देतो, त्याला नॅट म्हणतात.

हे खासगी पत्ते फेब्रुवारी १९९६ मध्ये आलेल्या आरएफसी १९१८ या दस्तऐवजात ठरवून दिलेत. तीन पट्टे आहेत: १० ने सुरू होणारे सगळे, १७२.१६ ते १७२.३१, आणि १९२.१६८. हे बाहेरच्या इंटरनेटवर कुणालाच दिले जात नाहीत म्हणून घरोघरी तेच वापरता येतात. आयपीव्ही४ या चार आकड्यांच्या पत्त्यांच्या पद्धतीत पत्ते एकूण ४२९ कोटींच्या आसपास, जगातला मुख्य साठा ३ फेब्रुवारी २०११ ला वाटून संपला, त्यामुळे घरातल्या प्रत्येक बल्बला बाहेरचा पत्ता मिळणं शक्यच नव्हतं.

पेठेतले_काका
अगदी व्यवस्थित कळलं. आभारी आहे अदिती.

अदिती_औंध
मीनलताई, रिझर्व्हेशन करताना तीन ठिकाणी लोक अडकतात म्हणून लिहून ठेवते.

फोनचं रिझर्व्हेशन. अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनवर आयओएस १४ पासून फोन आपला खरा मॅक सांगतच नाहीत, प्रत्येक वायफायसाठी एक बनावट मॅक तयार करतात. प्रायव्हसीसाठी हे चांगलंच आहे, मॉलमध्ये विमानतळावर चालूच ठेवा. पण घरी एखाद्या फोनला पत्ता बांधायचा असेल तर त्या फोनमध्ये घरच्या वायफायपुरतं ते बंद करा, अँड्रॉइडमध्ये प्रायव्हसीखाली फोनचा मॅक वापरा असं येतं, आयफोनमध्ये प्रायव्हेट वायफाय अ‍ॅड्रेस. आयओएस १८ मध्ये बंद, कायम आणि बदलता असे तीन पर्याय दिसतात, घरी कायमवर ठेवलं तरी चालतं. मॅक बनावट आहे का ते ओळखायची खूण सोपी आहे, पहिल्या जोडीतला दुसरा अंक २, ६, ए किंवा ई असेल तर तो बनावट. राउटरच्या यादीत अनोळखी डिव्हाइस बघून घाबरायच्या आधी हे बघा, बहुतेक वेळा घरातलाच फोन असतो.

एका डिव्हाइसचे दोन मॅक. प्रिंटरच्या पाठीवर चिकटवलेला मॅक पुष्कळदा केबलच्या पोर्टचा असतो, वायफायचा वेगळा असतो. पाठीवरचा बघून रिझर्व्हेशन केलं आणि प्रिंटर वायफायवर आहे, तर ते लागूच होणार नाही. त्यामुळे स्टिकरवरून लिहू नका, राउटरच्या चालू क्लायंटच्या यादीतून निवडा. स्वस्तातला एक्स्टेंडर असेल तर आणखी एक, त्यातले काही मागच्या डिव्हाइसच्या नावाने स्वतःच बदललेला मॅक पुढे करतात, तिथे यादीत दिसेल तोच धरायचा.

रिझर्व्हेशन केलं म्हणून पत्ता लगेच बदलत नाही. डिव्हाइसकडे जुनी लीज असते. २४ तासांची लीज असेल तर अर्ध्यावर, म्हणजे १२ तासांनी, ते राउटरला वाढवून मागतं, तिथे उत्तर नाही मिळालं तर साडेसत्त्याऐंशी टक्क्यांवर, म्हणजे २१ तासांनी, परत सगळ्यांना हाक मारतं. वाट बघण्यापेक्षा डिव्हाइस बंद-चालू करा, किंवा विंडोजवर आयपीकॉन्फिग स्लॅश रिलीज आणि मग स्लॅश रिन्यू.

मीनल_वारजे
अदिती, हे प्रिंट काढून ठेवण्यासारखं आहे. दुसऱ्या राउटरचं काय करू? त्याच्या पाठीमागे निळ्या पोर्टमध्ये केबल आहे आणि तिथे जोडलेल्या लॅपटॉपचा आयपी १९२.१६८.०.१०४ असा येतोय, हॉलमधल्यांचा १९२.१६८.१ असा. त्या खोलीतून छापायला प्रिंटर बहुतेक वेळा सापडतच नाही.

सुहास_सहकारनगर
म्हणूनच मी डीएचसीपी सर्व्हरची ओळ बघा म्हणत होतो. निळं पोर्ट म्हणजे वॅन, बाहेरच्या नेटसाठीचं. तुमचा दुसरा राउटर स्वतःचं वेगळं नेटवर्क बनवून बसलाय, घरात दोन घरं झालीत. आतल्या खोलीतला लॅपटॉप आपणहून प्रिंटर शोधतो तेव्हा ती हाक दुसऱ्या राउटरपाशीच थांबते.

उपाय दोन. राउटरमध्ये ऑपरेशन मोड म्हणून पान असेल तर अ‍ॅक्सेस पॉइंट निवडा, बस, बाकी तो करेल. तो पर्याय नसेल तर हाताने: आधी त्याचा स्वतःचा आयपी १९२.१६८.१.२ करा, मग त्याचा डीएचसीपी बंद करा, मग केबल निळ्यातून काढून पिवळ्या लॅन (घरातल्या नेटवर्कच्या) पोर्टमध्ये लावा. क्रम हाच ठेवा. डीएचसीपी चालू असताना केबल लॅनला लावलीत तर घरात दोघं पत्ते वाटायला लागतील, अर्ध्या डिव्हाइसना चुकीचा गेटवे मिळेल आणि कुठल्या ते रोज बदलेल, ते शोधून काढणं फार डोकेदुखीचं काम आहे.

आणि दोन्हीकडे वायफायचं नाव आणि पासवर्ड एकच ठेवा, चॅनेल वेगळे.

हिंजवडी_शटल
थोडं अवांतर पण याच विषयातलं. घरून काम करणाऱ्यांनी १९२.१६८.१ आणि १९२.१६८.० हे दोन्ही टाळावेत असं माझं ठाम मत आहे. आमच्या एका क्लायंटचा सर्व्हर १९२.१६८.१.२० वर आहे. घरचं नेटवर्क पण १९२.१६८.१ असलं की व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतचा सुरक्षित बोगदा) जोडलेलं असूनसुद्धा लॅपटॉपला वाटतं २० म्हणजे घरातलंच काहीतरी, तो ते पाकीट व्हीपीएनमध्ये घालतच नाही. लोक आयटी सपोर्टला तिकिटं टाकत बसतात आणि सपोर्टला तर घरचं नेटवर्क दिसत नाही. राउटरचा आयपी १९२.१६८.७३.१ असा काहीतरी मधलाच घ्या, ही टक्कर जवळपास होतच नाही. १७२.१७ पण घेऊ नका, डॉकर हे प्रोग्रॅमरांचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना तिथे त्रास होतो कारण त्याचं मूळ नेटवर्क तिथेच असतं.

अदिती_औंध
पूर्ण अनुमोदन. आणि हे करायचं असेल तर रिझर्व्हेशन करायच्या आधी करा, नंतर नाही. सगळं ऑटोवर असेल तर राउटरचा पत्ता बदलला की बाकीचे आपोआप मागे येतात, फक्त एनव्हीआर आणि कॅमेऱ्यांना हात लावावा लागेल.

मीनल_वारजे
मंडळी, रविवारी दुपारी बसून केलं सगळं, नवरा आणि मुलगी दोघांना घेऊन. राउटर १९२.१६८.७३.१ केला. दुसरा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर टाकून २ वर बसवला. एनव्हीआर ५० वर, कॅमेरे एनव्हीआरच्या मागच्याच पोर्टमध्ये आहेत, ते आतल्या आत त्याच्याच नेटवर्कवर आहेत असं कळलं म्हणून त्यांना हात लावला नाही. प्रिंटर २१, टीव्ही २२, एसी २३ आणि २४, गीझरचा प्लग २५.

प्रिंटरने छापलेलं नेटवर्कचं पान बघितलं तर अदिती म्हणाली तेच, त्यावर दोन मॅक होते, वायर्ड आणि वायरलेस, आणि पाठीवरच्या स्टिकरवर पहिलाच होता. यादीतून निवडला म्हणून बरोबर लागला. मुलीने मार्करने प्रत्येक वस्तूच्या मागे शेवटचा आकडा लिहिलाय, आणि सगळं एका वहीच्या पानावर उतरवून पान राउटरच्या मागच्या भिंतीला लावलंय.

एक राहिलं. माझ्या लॅपटॉपवर प्रिंटर जुन्याच पत्त्यावर शोधत होता, नवऱ्याच्या लॅपटॉपवर आपोआप सापडला. असं का?

नेटवर्क_नाना
वा ताई, फार नीट केलंत. तुमच्या लॅपटॉपवर प्रिंटर टीसीपी-आयपी पोर्टने जोडलेला असणार, त्यात आकडाच लिहिलेला असतो. प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये पोर्ट्सच्या टॅबवर जाऊन नवीन पोर्ट बनवा आणि १९२.१६८.७३.२१ टाका. नवऱ्याच्या लॅपटॉपवर तो डब्ल्यूएसडी नावाच्या पोर्टवर असेल, तो आपणहून शोधतो. आपणहून शोधणं ऐकायला बरं वाटतं पण तोच पोर्ट मधूनच ऑफलाइन दाखवण्यासाठी बदनाम आहे. पत्ता आता पक्का झालाय तर दोन्हीकडे आकड्यानेच जोडा.

धायरी_सीसीटीव्ही
ताई, एनव्हीआरमध्ये आयपी बदललात तेव्हा गेटवे पण ७३.१ केलात ना? आणि डीएनएस? तो राहिला तर घरात कॅमेरे दिसतात पण बाहेरून अ‍ॅपवर दिसत नाहीत.

मीनल_वारजे
गेटवे केला होता, डीएनएस जुनाच राहिला होता. आत्ता बदलला. सासऱ्यांना बाहेरून दिसतंय आता, ते खाली पार्किंगमध्ये जाऊन मोबाइल डेटावर बघून आले. खूप खूप आभार.

वानवडी_वीरेन
बाहेरून बघण्याचा विषय निघालाच आहे तर, मला अ‍ॅपशिवाय थेट बघायचंय म्हणून पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली विनंती आतल्या डिव्हाइसकडे पाठवायचा नियम) केलं पण चालत नाहीये. राउटरमध्ये वॅन आयपी १००.७२ ने सुरू होणारा दिसतोय.

अदिती_औंध
१००.६४ ते १००.१२७ मधला पत्ता दिसला तर तुमचा नेटवाला अनेक ग्राहकांना एकाच बाहेरच्या पत्त्यामागे ठेवतोय, त्याला सीजीनॅट म्हणतात, एप्रिल २०१२ मध्ये हा पट्टा त्यासाठीच राखून ठेवला. तुमच्या राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडलेत तरी त्याच्या पुढचा दरवाजा तुमच्या हातात नाही. नेटवाल्याकडून स्टॅटिक आयपी विकत घ्या नाहीतर वायरगार्ड, टेलस्केलसारखं व्हीपीएन वापरा.

आणि वीरेन, मनापासून सांगते, सीजीनॅट नसतं तरी एनव्हीआरचं पोर्ट इंटरनेटला उघडू नका. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने असेच उघडे, फॅक्टरीचाच पासवर्ड असलेले कॅमेरे आणि डीव्हीआर हजारोंनी ताब्यात घेतले आणि २१ ऑक्टोबरला त्यांच्या जोरावर डाइन (Dyn) या डीएनएस कंपनीवर हल्ला केला, मोठमोठ्या साइट त्या दिवशी उघडेनात. ज्यांचे कॅमेरे होते त्यांना पत्ताही नव्हता. व्हीपीएनने घरात या आणि मग ५० वर जा, हे सगळ्यात सुरक्षित.

वानवडी_वीरेन
ओके, आज रात्रीच पोर्टचे नियम काढून टाकतो आणि टेलस्केल लावून बघतो. आयपीव्ही६, म्हणजे पत्त्यांची नवी पद्धत, त्याने होईल का? राउटरवर तो चालू दिसतोय.

नेटवर्क_नाना
होऊ शकतं, तिथे नॅटची भानगड नाही, प्रत्येक डिव्हाइसला बाहेरचा पत्ता मिळतो. पण म्हणूनच राउटरचा आयपीव्ही६ फायरवॉल चालू आहे ना ते आधी बघा. आणि तिथे रिझर्व्हेशनची सवय चालत नाही, डिव्हाइस स्वतःच पत्ता बनवतात आणि तो बदलतही राहतात, अँड्रॉइड तर डीएचसीपीव्ही६ ने पत्ता घेतच नाही. घरातल्या घरात आयपीव्ही४ चे पक्के पत्तेच वापरा, आयपीव्ही६ बाहेर जायला शेजारी चालू राहू द्या, बंद करायची गरज नाही.

कर्वेनगर_पीजी
माझ्याकडे वरच्या मजल्यावर मुली पेइंग गेस्ट राहतात, सगळ्यांचे फोन-लॅपटॉप आमच्याच वायफायवर आहेत. दर जूनला नवीन मुली येतात आणि मधूनच नवीन फोनला वायफाय जोडलं जातं पण आयपी मिळत नाही. पूल १०० ते १४९ आहे.

सुहास_सहकारनगर
पन्नासच पत्ते आहेत, आणि लीज किती दिवसांची आहे ते बघा. सात दिवसांची असेल तर दोन दिवस राहून गेलेल्या मैत्रिणीचा फोनही आठवडाभर पत्ता अडवून ठेवतो. पूल १०० ते २४९ करा आणि लीज दोन-चार तासांवर आणा, अडचण सुटेल. पण त्यापेक्षा महत्त्वाचं, त्यांना गेस्ट नेटवर्कवर टाका. तुमचा प्रिंटर, कॅमेरे त्यांना दिसायला नकोत आणि त्यांच्या लॅपटॉपवर काही शिरलं तर ते तुमच्यापर्यंत यायला नको, दोघींच्याही दृष्टीने बरं. राउटरमध्ये गेस्टला लोकल नेटवर्क बघू द्यायचं का असा टिक असतो, तो काढलेलाच ठेवा.

कर्वेनगर_पीजी
लीज खरंच सात दिवसांची निघाली, १०,०८० मिनिटं लिहिलंय. ४ तास करते आणि गेस्ट वेगळं करते. धन्यवाद सुहास.

जुना_बुधवारकर
सगळं लावून झालं की राउटरच्या सिस्टिम टूल्समध्ये बॅकअपचं बटण असतं, ती फाइल डाउनलोड करून ठेवा सगळ्यांनी. कुणी मागचं रीसेटचं भोक दाबलं तर तीच फाइल परत टाकायची, रिझर्व्हेशन सगळी जशीच्या तशी येतात. फाइल त्याच मॉडेलला चालते, राउटर बदललात तर मीनलताईंसारखं वहीचं पानच कामाला येईल.